हॉर्न स्पीकरांच्या जोडीला सेंटर निवडताना

हॉर्नची जोडी, म्हणजे भोंग्यासारख्या तोंडातून आवाज फेकणारे दोन स्पीकर, घरात आली की पहिले काही आठवडे गाण्यांचे असतात. मग कोणीतरी त्यावर सिनेमा लावतं. सोफ्यावर मधोमध बसलेला खूश आणि टोकाला बसलेला कुरकुरतोय, असं व्हायला लागतं. आमच्याकडे खिडकीजवळचं टोक सासूबाईंचं. माणूस टीव्हीत दिसायचा आणि बोलायचा मात्र त्यांच्या गुडघ्याशेजारच्या खोक्यातून. "तो तिकडे उभाय ना, मग इकडून का बोलतोय?" हा त्यांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी बिनचूक होता.

दोन स्पीकरांतून सारखाच आवाज आला की तो मध्ये भासतो, पण फक्त मधोमध बसलेल्याला. बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत एखाद-दोन मिलिसेकंद आधी पोचतो, आणि आधी पोचलेल्याचीच दिशा मेंदू खरी मानतो. संवाद पडद्यातूनच यावा, कुठेही बसा, यासाठी सेंटर, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा तिसरा स्पीकर. हे काम कुठलाही स्पीकर करेल. अडचण वेगळीच आहे: मधला स्पीकर बाजूच्या दोघांच्या आवाजात बोलला पाहिजे. हॉर्नच्या जोडीला ही अट पाळणारा सेंटर मिळवणं बरंच कठीण जातं.

मी अंधेरीला डबिंग रेकॉर्ड करते आणि संवाद साफ करते. दिवसभर माणसांचे आवाज कानात असतात, त्यामुळे घरी आल्यावर तोच माणूस डावीकडे एक आणि मध्ये दुसराच वाटला की माझं सिनेमातलं लक्ष उडतं. ओळखीतल्या बऱ्याच जणांचे सेंटर मी त्यांच्या घरी जाऊन ऐकलेत. काही परत पाठवायला लावलेत, त्यामुळे दोन दुकानदार मला बघून फारसे हसत नाहीत.

आधी न घेता बघा

पैसे घालवण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) स्पीकर मेनूत सेंटर 'नन' करा, म्हणजे सेंटर नाहीच असं त्याला सांगा. मग मधल्या चॅनेलचा आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटला जातो. आता दोन्ही हॉर्न आत वळवा, नेहमीपेक्षा बरेच जास्त, इतके की त्यांच्या समोरच्या रेषा तुमच्या डोक्यापाशी न मिळता डोक्याच्या फूट-दीड फूट पुढेच एकमेकींना छेदतील. दिसायला विचित्र दिसतं, दिसू दे.

यात होतं असं की डाव्या टोकाला बसलेला माणूस जवळच्या डाव्या हॉर्नच्या माऱ्याबाहेर जातो आणि लांबच्या उजव्या हॉर्नच्या बरोबर समोर येतो. जवळचा आवाज आधी येतो पण हळू, लांबचा उशिरा येतो पण जोरात. एकाने दुसऱ्याची बरीच भरपाई होते आणि संवाद पुन्हा टीव्हीच्या दिशेला सरकतो. हॉर्न आवाज ठराविक कोनातच फेकतो म्हणून ही युक्ती चालते. डोम ट्विटरवाले, म्हणजे वरचे सूर हॉर्नशिवाय छोट्या घुमटातून काढणारे स्पीकर आवाज सगळीकडे सांडतात, त्यांच्यात हिचा फारसा उपयोग नाही.

बघणारी माणसं दोनच, हॉर्नमध्ये अंतर पाच-सहा फूट, टीव्ही ४३ इंची, असा मामला असेल तर बहुतेक वेळा इथेच थांबता येतं. चुकीच्या सेंटरपेक्षा नसलेला सेंटर केव्हाही बरा. चौघं-पाचजण सोफाभर पसरून बघत असाल, तर पुढे वाचा.

जुळणं म्हणजे नेमकं काय

दुकानात पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचे आहेत?" कंपनी तिसऱ्या नंबरवर येते. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: सेन्सिटिव्हिटी आणि आवाज पसरण्याचा कोन.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे एवढ्या-एवढ्या विजेला स्पीकर एक मीटरवर किती डेसिबल देतो. क्लिप्श या अमेरिकी हॉर्नवाल्या कंपनीच्या हेरेसी ४ साठी कंपनी ९९ डीबी सांगते, तिचेच ला स्काला आणि क्लिप्शहॉर्न १०५ च्या घरात. बाजारातले साधे सेंटर साधारण ८६ ते ९० मध्ये असतात. कागदावर दहा-अकराचा फरक किरकोळ वाटतो, पण दर ३ डीबीला वॅट दुप्पट लागतात आणि १० डीबीला दहापट.

सोफा अडीच मीटरवर आहे असं धरा. मोकळ्या जागेच्या हिशेबाने एक मीटरवरून तिथे येईपर्यंत ८ डीबी जातात. सिनेमाच्या मिक्सिंगचं प्रमाण असं की प्रत्येक स्पीकरने क्षणिक १०५ डीबीपर्यंत जाऊ शकावं. ९९ च्या हॉर्नला त्यासाठी २५ वॅट पुरतात. ८८ च्या सेंटरला ३१६ लागतील. घरात, त्यातून मुंबईच्या फ्लॅटमध्ये, एवढ्या मोठ्याने कोणी लावत नाही. आवाज दहाने कमी केलात तर अडीच वॅट विरुद्ध बत्तीस. तरीही बघा, बाजूचे दोघे आरामात बसलेत आणि मधला धापा टाकतोय. लढाईच्या प्रसंगात संगीत मोकळं येतं आणि "मागे व्हा!" असं ओरडणारा सेनापती घुसमटलेला ऐकू येतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. रिसीव्हरने पातळी सारखी करून दिली तरी हा ताण जात नाही.

माझा स्वतःचा नियम असा की सेंटर बाजूच्या जोडीपेक्षा ४ डीबीहून कमी नको. छापील आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. कोणी हा आकडा प्रतिध्वनीविरहित खोलीत मोजतं, कोणी साध्या खोलीतल्या भिंतींचा फायदा धरून, आणि दुसऱ्या पद्धतीत तो सहज तीन-चारने फुगतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना त्यातल्या त्यात खरी. वेगवेगळ्या कंपन्यांची करायची तर रिसीव्हर कॅलिब्रेट केल्यावर (माइकने मोजून पातळ्या जुळवू दिल्यावर) मेनूतले ट्रिम, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज किती कमी-जास्त केला ते आकडे, वाचा. डावा-उजवा उणे ८ आणि सेंटर अधिक ३ दाखवत असेल तर तुमच्या खोलीतला खरा फरक अकरा आहे, माहितीपत्रक काहीही म्हणो. एक सावधगिरी: अनेक रिसीव्हरचे ट्रिम उणे १२ पाशी संपतात. हॉर्न बरोबर उणे १२ वर टेकलेले दिसले तर फरक त्याहूनही जास्त असू शकतो.

दुसरी गोष्ट कोन. हॉर्नवर ९० बाय ६० असं काही लिहिलेलं असतं: आडवा ९० अंश, उभा ६०. त्या पट्ट्यात आवाज बऱ्यापैकी सारखा आणि बाहेर झपाट्याने कमी. आमच्या हॉलसारखा हॉल घ्या, ११ फूट रुंद, एका बाजूला स्लायडिंग खिडकीची काच आणि दुसरीकडे स्वयंपाकघराकडे जाणारी उघडी वाट. हॉर्न काचेवर आवाज कमी टाकतो म्हणून अशा हॉलमध्येही नीट ऐकू येतो. मध्ये डोम ट्विटरचा सेंटर ठेवलात तर तो थेट येणाऱ्या आवाजाबरोबर काचेवरून परतलेलाही भरपूर देतो. मग गायिका बाजूच्या दोघांत जवळ, समोर बसलेली आणि सेंटरमध्ये जराशी मागे, हवेत विरघळलेली. इक्वलायझर इथे हात टेकतो. तो आवाजाचा रंग बदलू शकतो, आवाज खोलीत कुठे-कुठे जाऊन आदळतो ते बदलू शकत नाही. म्हणून "ऑटो कॅलिब्रेशन सगळं जुळवून देतं" असं कोणी म्हणालं की मी विषय बदलते.

हॉर्न बनवणाऱ्यांनी मध्ये काय ठेवलं

हा प्रश्न नवा नाही. बेल लॅब्जने १९३३ मध्ये फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन स्वतंत्र चॅनेलांवर: डावा, मधला, उजवा. पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासूनचा क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यात ठेवण्यासाठीच घडवलेला, कारण कोपऱ्याच्या भिंती त्याच्या बेस हॉर्नचंच काम करतात. रुंद भिंतीच्या दोन कोपऱ्यांत असे दोन ठेवले की मध्ये पोकळी पडते. ती भरायला १९५७ मध्ये हेरेसी आली आणि १९५९ मध्ये कॉर्नवॉल. दोन्ही आज जोडीने विकल्या जातात, पण जन्म मधल्या जागेसाठीचा.

यातून कामाची गोष्ट निघते. क्लिप्शहॉर्नचा बेस घडी घातलेल्या प्रचंड हॉर्नमधून येतो, हेरेसीचा साध्या १२ इंची वूफरमधून. बेस जुळत नाही आणि तरी काम भागतं, कारण मधले आणि वरचे सूर दोन्हीकडे हॉर्नमधूनच येतात. हेरेसीत साधारण साडेआठशे हर्ट्झच्या वरचं सगळं हॉर्नकडे. माणसाच्या आवाजाची ओळख आणि शब्दांची धार बव्हंशी तिथूनच वर असते. म्हणजे सेंटर शोधताना वूफर किती इंची हे विचारण्याआधी हॉर्न कुठून काम सुरू करतो ते विचारा. बाजूचा हॉर्न ८०० ला सुरू होत असेल आणि सेंटरचा २५०० ला, तर मधला दीड सप्तकाहून मोठा पट्टा एकीकडे हॉर्नने म्हटलेला आणि दुसरीकडे कागदी कोनने. लोगो एकच असला तरी.

थिएटरात पडद्यामागे तिन्ही स्पीकर एकाच जातीचे असतात आणि आवाज पडद्याच्या बारीक भोकांतून येतो. घरी प्रोजेक्टर आणि आवाज आरपार जाणारा पडदा असेल तर तुम्हीही हेच करा, बाकीची चर्चा तुमच्यासाठी नाही.

पहिली पसंती: तसाच तिसरा

टीव्हीवाल्यांनाही माझा पहिला सल्ला हाच: बाजूला जे आहे तेच, उभं, मध्ये. यावर ऐकू येतं, "आमच्या हॉलमध्ये कुठे मावणार?" टेप घेऊन या. हेरेसी स्टँडसकट साधारण ६३ सेंटिमीटर उंच. ५५ इंची टीव्हीची उंची ७० च्या आसपास. स्पीकर जमिनीवर ठेवून त्याच्यावर बोटभर जागा सोडून टीव्ही भिंतीला लावला, तर टीव्हीची खालची कड ६६ वर आणि मध्य शंभर सेंटिमीटरवर येतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे त्याच उंचीला असतात. मुंबईत बहुतेकांचे टीव्ही याहून वर टांगलेले आहेत, मान दुखते ती त्यामुळेच.

जागा खातं ते टीव्ही युनिट. सुताराने बनवलेलं, सनमायकाचं, सहा फुटी, ज्यात सेट-टॉप बॉक्स, गणपती, तीन वर्षांपूर्वीची वीजबिलं आणि न चालणारा डीव्हीडी प्लेअर राहतो. ते अर्धं कापून दोन बाजूंना सरकवलं की तिसऱ्या स्पीकरची जागा निघते. घरात हा प्रस्ताव कसा मांडायचा ते ज्याने त्याने बघावं. मी सासूबाईंना आधी तिसरा स्पीकर लावून त्यांची मालिका ऐकवली आणि युनिटचा विषय नंतर काढला.

हेरेसीच्या बुडाला तिरका स्टँड असतोच, त्यामुळे जमिनीवरूनही हॉर्न वर, कानाकडे बघतो. तिन्ही जमिनीवर एका रांगेत, एकाच कोनात उभे राहिले की जुळवाजुळव जवळपास संपतेच.

अडचण एवढीच की दुकानदार जोडी फोडत नाहीत. त्यावर दोन वाटा. एक, तुमच्यासारखाच अडलेला दुसरा माणूस शोधून जोडी वाटून घ्या. दुसरी वाट मला जास्त आवडते: फुटलेल्या जोडीतला एकटा शिल्लक स्पीकर. एकाचा वूफर जळला, खोकं पावसात फुगलं, घर बदलताना टेम्पोत पडलं, कारण काहीही असो. एकट्या स्पीकरला स्टिरिओवाला गिऱ्हाईक हात लावत नाही, त्यामुळे भाव पडलेला असतो. लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्यांना सांगून ठेवा, चोरबाजारात मटन स्ट्रीटला फेरी मारा. "एक है क्या, वही मॉडेल?" असं विचारायचं आणि चेहऱ्यावर उत्साह दाखवायचा नाही.

एकटा स्पीकर घेताना

मल्टिमीटर आणि एक पेन्सिल सेल खिशात असू द्या. ८ ओहमच्या वूफरवर मीटर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या घशाशी बसून त्यात आवाज भरणारा) तपासायचा तर त्याच्या स्वतःच्या टोकांवर, वायर काढून, कारण मागच्या टर्मिनलवरून क्रॉसओव्हरचा, म्हणजे वूफर आणि हॉर्नमध्ये सूर वाटणाऱ्या सर्किटचा, कपॅसिटर आड येतो आणि चांगला ड्रायव्हरही मेलेला वाटतो. वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबा. खरखर लागली तर मॅग्नेटच्या फटीत गंज किंवा कचरा आहे. समुद्राच्या हवेत हे सर्रास होतं. वूफरची कड फोमची असेल तर नखाने हळूच टेकून बघा, चिकट भुगा हाताला आला तर नवी कड घालण्याचा खर्च किमतीतून वजा करा. कापडी, लेप दिलेल्या कडा इथल्या दमटपणात कितीतरी जास्त टिकतात.

सेलचं धन टोक लाल टर्मिनलला क्षणभर लावा. वूफर बाहेर आला पाहिजे. जुन्या जेबीएल ड्रायव्हरांत मात्र उलटं होतं, लालला धन दिलं की कोन आत जायचा. थिएटरातून निघालेला जुना जेबीएल हॉर्न आणि आजचा सेंटर एकत्र लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर तिन्ही मिळून बेस गायब आणि दोष खोलीला. घरी आणल्यावरही ही तपासणी तिन्हींवर एकदा करा, मागे कोणी उघडून काय जोडलंय सांगता येत नाही.

आडव्या सेंटरची भानगड

उभा तिसरा शक्यच नसेल तर दुकानात जे 'सेंटर' म्हणून मिळतं ते आडवं खोकं: दोन टोकांना दोन वूफर आणि मध्ये हॉर्न. टीव्हीखाली छान बसतं. त्यातली खोट कळायला थोडं गणित.

दोन वूफरमध्ये ५० सेंटिमीटर अंतर आणि हॉर्न १५०० हर्ट्झला सुरू, असं धरा. १५०० ला लहरीची लांबी २३ सेंटिमीटर. तुम्ही बाजूला सरकलात की एक वूफर जवळ येतो, दुसरा लांब जातो, आणि फरक अर्ध्या लहरीएवढा, साडेअकरा सेंटिमीटर झाला की दोघं एकमेकांना खोडून काढतात. या मापांत ते होतं मध्यापासून फक्त १३ अंशांवर. आठ फुटांवरच्या सोफ्यावर मध्यापासून अडीच फूट बाजूला बसलेला माणूस १७ अंशांवर असतो. म्हणजे ज्यांच्यासाठी सेंटर आणला, त्या टोकाच्या माणसाच्याच वाट्याला खड्डा, आणि तोही संवादाच्या ऐन पट्ट्यात.

म्हणून आडवा घेताना विचारा की दोन्ही वूफर हॉर्नपर्यंत बरोबरीने चालतात, की एक आधीच थांबतो. आधी थांबत असेल तर खड्डा बराच भरतो. वूफर लहान आणि जवळजवळ असतील तर फायदा, हॉर्न खालून सुरू होत असेल तर आणखी फायदा. मिडरेंज आणि ट्विटर एकावर एक उभे आणि वूफर त्यांच्या दोन्ही बाजूंना, अशी तीन-वे रचना सगळ्यात सुरक्षित. दुकानदाराला यातलं काही माहीत नसेल, बहुतेकांना नसतं, तर सेंटरवर पिंक नॉइज हा चाचणीचा सलग आवाज लावायला सांगा आणि त्याच्या समोर गुडघ्यावर बसून हळूहळू बाजूला सरका. पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा तो आवाज एक सलग असला पाहिजे. मध्येच पोकळ, नळीतून आल्यासारखा झाला तर त्या जागी तुमच्या घरचं कोणीतरी बसणार आहे.

माझं मत विचाराल तर त्याच मालिकेतला एक बुकशेल्फ (लहान खोक्याचा स्पीकर) उभा ठेवणं आडव्या सेंटरपेक्षा बहुतेक वेळा सरस. क्लिप्शच्या आरपी मालिकेचंच बघा. टॉवर, बुकशेल्फ, सेंटर तिन्हींत एक इंची टायटॅनियम ट्विटर हॉर्नमागे. बुकशेल्फमध्ये वूफर एकच, हॉर्नच्या खाली, त्यामुळे वरचं आडवं भांडण नाहीच. बुकशेल्फ लोळवून ठेवू नका मात्र. ९० बाय ६० चा हॉर्न आडवा पाडला की ६० बाय ९० होतो: सोफ्याची टोकं सुटतात आणि छताला संवाद ऐकू येतात. हॉर्न चार स्क्रूंवर सुटा असेल आणि कटआउट चौकोनी असेल तर तेवढाच फिरवून बसवता येतो.

घरी बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात: बाजूच्या जोडीत आहे तोच कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणि तोच हॉर्न घ्या, खाली लहान खोक्यात एक वूफर, क्रॉसओव्हर त्याच जागी. लहान खोकं ऐंशी हर्ट्झच्या खाली गेलं नाही तरी चालेल, ते काम सबवूफरचं. खोकं १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचं करा, आयएस ७१० चा शिक्का बघून. तळमजल्यावर, ओल धरणाऱ्या भिंतीशी ठेवलेलं एमडीएफ दोन पावसाळ्यांत कडांनी फुगायला लागतं.

ठेवणं आणि रिसीव्हर

सेंटर युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका. कप्पा स्वतःच गुंजायला लागतो आणि पुरुषांचे आवाज माठातून बोलल्यासारखे येतात. समोरची बाजू फळीच्या कडेबरोबर, किंवा बोटभर पुढे.

मग तिरकस करणं. हॉर्नचा मध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, कान ९५ वर, अंतर २५०. फरक ५०, भागिले २५०, गुणिले खोक्याची खोली. खोली ३० असेल तर उत्तर ६. एवढे सेंटिमीटर पुढची कड उचलायची. दाराखाली सरकवायचे रबरी पाचर त्यासाठी उत्तम, घसरत नाहीत आणि फळीची थरथरही कमी करतात.

रिसीव्हरमध्ये सेंटर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (त्याखालचा बेस सबवूफरकडे), लहान खोकं असेल तर १००. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. पंखा, एसी, कुकर बंद. मापन दुपारी करा. टोनचा तो 'शूऽऽ' आवाज रात्री अकराला सोडलात तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येईल. अंतर रिसीव्हरने टेपपेक्षा वेगळं दाखवलं तर टेपच्या आकड्याने ते बदलू नका. हॉर्नचा ड्रायव्हर आत, घशाशी बसलेला असतो आणि माइकला तोच उशीर ऐकू येतो. फुटाला साधारण ०.९ मिलिसेकंद.

'डायलॉग एन्हान्सर' नावाचं जे काही असेल ते बंद. योग्य सेंटरला त्याची गरज नाही आणि अयोग्य सेंटरला त्याने गुण येत नाही.

कानाची परीक्षा

विकत घेतलेल्या डेमो डिस्कने ही परीक्षा होत नाही, कारण त्यातला माणूस प्रत्यक्षात कसा बोलतो ते तुम्हाला माहीत नसतं. घरातल्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करा. मोबाइल हातभर अंतरावर, पंखा बंद, पडदा ओढलेला, जमलं तर गादीच्या खोलीत. बोलायला द्या 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' आणि त्याच्या मागे 'सकाळी साडेसातला शेजारच्या शशीने चाळीत चहा सांडला'. पहिल्यात ळ आणि र, आवाजाचं पोट. दुसऱ्यात स, श आणि दोन्ही तऱ्हेचे च, म्हणजे चार ते आठ हजार हर्ट्झची धार. एक स्त्री, एक पुरुष, शक्य असेल तर एक म्हातारं माणूस.

ती मोनो फाइल आधी फक्त डाव्यातून, मग फक्त सेंटरमधून, पुन्हा डाव्यातून. डोळे मिटून. 'च' आणि 'स' सेंटरमध्ये जास्त टोचत असतील तर ट्विटर वेगळ्या जातीचा आहे. 'ळ' जाड झाला तर फळी किंवा कप्पा गुंजतोय, स्पीकरला दोष देऊ नका, पुढे ओढून बघा. माणूस त्याच उंचीचा, त्याच वयाचा वाटतो का? सेंटरमध्ये तो बसका, सर्दी झालेला वाटत असेल तर हॉर्न उशिरा सुरू होतोय. मग हेच सोफ्याच्या दोन्ही टोकांवर बसून. शेवटी रेकॉर्डिंग ज्याचं आहे त्याच्या शेजारच्या माणसाला विचारा. नवऱ्याचा आवाज बायकोला आणि आईचा मुलीला जितका नेमका ओळखता येतो तितका मापनाच्या आलेखाला येत नाही.

दुकानात हे करू देत नसतील तर परत घेण्याची बोली बिलावर लिहून घ्या आणि खोक्याचं थर्माकोल फेकू नका. परीक्षा पहिल्या दोन दिवसांतच उरका. "कान सरावतील, थोडं चालू द्या" असं विक्रेता सांगतो. कान खरंच सरावतात, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते.